धावत्या ट्रकमध्ये ईएलडीचा संपर्क वारंवार तुटतो तेव्हा: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या कामाचे आणि चालवण्याचे तास नोंदवण्यासाठी बसवलेले इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, म्हणजेच ईएलडी, एकदा दुरुस्त केले की कायमचे ठीक झाले, असे फार क्वचित घडते. तोच बिघाड पंधरा दिवसांनी परत येतो आणि ड्रायव्हरला पुन्हा तीच उत्तरे द्यावी लागतात. म्हणून आधी लक्षणे नीट पाहावीत.

लक्षणे

ट्रक वेगात असताना टॅबलेटवर ‘वाहनाशी संपर्क नाही’ असा संदेश येतो, दोन-चार मिनिटांत आपोआप जातो आणि रस्ता खराब लागला की पुन्हा येतो.

ट्रक डॉकला लावून तास उलटला, माल उतरवून झाला, तरी पडद्यावरची स्थिती ‘ड्रायव्हिंग’च राहते आणि तेवढा वेळ ट्रक चालवण्याच्या हक्काच्या ११ तासांतून वजा होत जातो.

सकाळी लॉगिन केल्याबरोबर आदल्या दिवशीचे चाळीस-पन्नास मिनिटांचे ‘अनोळखी ड्रायव्हिंग’, म्हणजे कोणाच्याही नावावर न लागलेला चालवण्याचा वेळ, समोर येते आणि ते तुमचे आहे का, अशी विचारणा होते.

लॉगमधील काही नोंदींपुढे गावाचे नाव, ओडोमीटरचा आकडा किंवा इंजिनाचे तास यांची जागा रिकामी दिसते.

इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे उपकरणाचा दिवाच लागत नाही.

यांच्या जोडीला पडद्यावर एखादा आकडा किंवा अक्षर येते. पुष्कळ ड्रायव्हर ते न वाचताच बाजूला सारतात. आकडा आला तर ती फक्त सूचना असते आणि अक्षर आले तर तो नोंदवलेला बिघाड असतो. १ म्हणजे वीजपुरवठा, २ म्हणजे इंजिनाशी असलेला मेळ, ३ म्हणजे अपुरी माहिती, ४ म्हणजे माहिती पाठवण्यातील अडचण आणि ५ म्हणजे अनोळखी ड्रायव्हिंग. अक्षरांमध्ये पी हे विजेसाठी, ई हे इंजिनाच्या मेळासाठी, टी हे घड्याळासाठी, एल हे ठिकाणासाठी, आर हे नोंद साठवण्यासाठी आणि एस हे माहिती पाठवण्यासाठी असते. इंजिनाकडून येणारी माहिती २४ तासांत एकूण ३० मिनिटांहून अधिक काळ खंडित राहिली की २ या आकड्याचे ई या अक्षरात रूपांतर होते. ज्या बिघाडाबद्दल मी लिहीत आहे, तो बहुतेक वेळा २ आणि ५ पासून सुरू होतो आणि दुर्लक्ष झाले तर ई वर जाऊन थांबतो.

मी इंडियाना राज्यातील एका ट्रक यार्डात डिझेल मेकॅनिक आहे. १८ डिसेंबर २०१७ रोजी ईएलडी सक्तीची झाली, तेव्हापासून इंजिनाच्या कामाइतकाच वेळ मी डॅशबोर्डखाली उताणा पडून या तारा तपासण्यात घालवला आहे. माझा भाचा पुण्यात रात्रपाळीत अमेरिकेतील ट्रकचे लॉग तपासण्याचे काम करतो. संपर्क तुटलेल्या ड्रायव्हरचा पहिला फोन त्याच्यासारख्यांनाच जातो. “मामा, माझ्या स्क्रीनवर फक्त लाल खूण दिसते. त्यापुढे मी त्यांना काय विचारायचं, ते तरी सांगा,” असे त्याने मध्यंतरी मला विचारले. हे लिखाण त्याच्यासाठी आहे, त्याच्यासारखे काम करणाऱ्यांसाठी आहे आणि ज्याला कार्यालय व उपकरण विकणारे दोघेही ‘बटण चुकीचे दाबले असेल’ असे सांगून वाटेला लावतात, त्या ड्रायव्हरसाठी आहे.

माझ्या अनुभवात दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो आणि उपकरणाच्या डबीचाही क्वचितच असतो. इंजिनाचा संगणक, तेथून येणाऱ्या दोन तारा, डॅशखालचा नऊ पिनांचा प्लग, ईएलडीची डबी, ब्लूटूथ, टॅबलेट आणि शेवटी मोबाइल नेटवर्क, अशी ही साखळी आहे. कोणती कडी तुटते, ते शोधणे एवढेच काम असते. मात्र ते स्वस्त कडीपासून सुरू करावे, कारण महागड्या कडीपासून सुरुवात करणाऱ्यांनी विनाकारण नवी उपकरणे विकत घेतलेली मी पाहिली आहेत.

हात लावण्यापूर्वी: ट्रक थांबवा आणि लिहा

चालत्या ट्रकमध्ये यातील कोणतीही तपासणी करू नये. सुरक्षित जागी थांबावे, पार्किंग ब्रेक ओढावा आणि सर्वप्रथम कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, ठिकाण, ओडोमीटरचा आकडा आणि पडद्यावरचा कोड. त्यानंतर कंपनीला लेखी कळवावे. नियमानुसार हे २४ तासांच्या आत करायचे असते आणि नुसते फोनवर सांगून भागत नाही. संदेश किंवा ईमेल पाठवावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. कंपनीला बिघाड कळल्यापासून ८ दिवसांत तो दुरुस्त करावा लागतो. अधिक मुदत हवी असेल, तर ड्रायव्हरने कळवल्यापासून ५ दिवसांच्या आत कंपनीने केंद्रीय मोटर कॅरियर सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एफएमसीएसएच्या, आपल्या राज्यातील प्रमुखांकडे अर्ज करायचा असतो.

कामाचे तासच नीट नोंदले जात नसतील, तर लगेच कागदी लॉगवर यावे. चालू दिवस आणि त्याआधीचे ७ दिवस उपकरणातून काढता येत नसतील, तर तेही आलेखाच्या कागदावर पुन्हा उतरवून काढावे लागतात. यासाठीच ८ दिवस पुरतील एवढे कोरे कागद आणि बिघाड झाल्यास काय करायचे त्याचे पत्रक केबिनमध्ये असणे बंधनकारक आहे. याउलट तास बरोबर नोंदले जात असून फक्त सूचनेचा आकडा येत असेल, तर कागदावर येण्याची गरज नसते. हा फरक ठाऊक नसल्याने काही जण विनाकारण महिनाभर दोन्हीकडे लिहीत बसतात.

हे पाऊल पहिले का, याचे उत्तर आमच्याच यार्डातील दोन ड्रायव्हरांनी दिले. दोघांच्या ट्रकवर एकाच आठवड्यात ई हे अक्षर आले. एकाने लगेच कागद काढला, समासात ओडोमीटरचा आकडा लिहिला आणि कंपनीला पाठवलेला संदेश फोनवर समोर ठेवला. वजनकाट्यावरच्या अधिकाऱ्याने दोन्ही पाहिले आणि दहा मिनिटांत त्याला सोडले. दुसरा तीन तास टॅबलेट बंद-चालू करत राहिला आणि त्याने एक अक्षरही लिहिले नाही. तपासणीच्या वेळी त्याच्याजवळ दाखवण्यासारखी कोणतीही नोंद नसल्यामुळे त्याला १० तास जागेवर थांबवण्यात आले. दोघांच्याही ट्रकमध्ये प्लगमधील एकेक पिन मागे सरकलेली होती.

‘चालवत राहा, पोचल्यावर बघू’ असे कार्यालयातून सांगितले गेले, तर तो संदेशही जपून ठेवावा. थकलेल्या ड्रायव्हरला ईएलडीचा वापर करून नियमाबाहेर चालवायला लावणे हा छळ मानला जातो आणि त्याची तक्रार ९० दिवसांच्या आत एफएमसीएसएकडे करता येते.

पहिली तपासणी: टॅबलेट आणि ब्लूटूथ

ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. ईएलडीच्या डबीवरचा दिवा पाहावा. दिवा स्थिर आहे आणि टॅबलेट मात्र ‘संपर्क नाही’ म्हणत आहे, तर ट्रकच्या बाजूची साखळी बहुतेक ठीक आहे आणि तुटलेली कडी ब्लूटूथची किंवा अ‍ॅपची आहे. भाच्याला मी हाच एक प्रश्न आधी विचारायला सांगितला: “दिवा लागला आहे का, आणि तो स्थिर आहे की लुकलुकतो आहे?” या एका उत्तराने अर्धे काम वेगळे होते. वेगवेगळ्या उपकरणांच्या दिव्यांचे अर्थ वेगळे असतात, ते पुस्तिकेत पाहून ट्रकमध्येच चिकटवून ठेवावेत.

टॅबलेटमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. बॅटरी वाचवण्याची सोय अ‍ॅपला पडद्यामागे झोपवून टाकते, म्हणून ईएलडीच्या अ‍ॅपपुरती ती बंद करावी. ठिकाण वापरण्याची परवानगी ‘नेहमी’ अशी असावी. घड्याळ आपोआप जुळणारे ठेवावे, कारण उपकरणाचे घड्याळ जागतिक वेळेपासून १० मिनिटांहून अधिक सरकले तर टी हे वेगळेच अक्षर येते.

त्यानंतर केबिनमध्ये दुसरा फोन आहे का, ते पाहावे. बऱ्याच साध्या उपकरणांना एका वेळी एकच फोन जोडता येतो. मागच्या बर्थवर झोपलेल्या जोडीदाराच्या फोनमध्ये तेच अ‍ॅप उघडे राहिले असेल, तर डबी त्याच्याशी जोडली जाते आणि चालवणाऱ्याचा टॅबलेट उपाशी राहतो. ट्रक सोडून गेलेल्या जुन्या ड्रायव्हरचा टॅबलेट डॅशबोर्डच्या खणात तसाच चालू सापडल्याचेही मला आठवते.

उन्हाळ्यात काचेला चिकटवलेला टॅबलेट तापून स्वतःहून बंद पडतो. ॲरिझोनातून आलेल्या ट्रकची तक्रार ‘दुपारी दोननंतर बिघडते’ अशी असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर उचलण्यापूर्वी टॅबलेटची जागा बदलून पाहावी.

दुसरी तपासणी: अ‍ॅप, ट्रकचा क्रमांक आणि सरकारी यादी

अ‍ॅपमध्ये निवडलेला ट्रक आणि तुम्ही बसलेला ट्रक एकच आहे, याची खात्री करावी. ट्रक बदलल्यानंतर हे हमखास राहून जाते आणि मग चालवलेला वेळ अनोळखी म्हणून जमा होतो. वर्कशॉपमधून परत आलेल्या ट्रकवर पाच-दहा मिनिटांचे अनोळखी ड्रायव्हिंग दिसले, तर ते बहुधा आमच्यासारख्या मेकॅनिकांनी घेतलेल्या चाचणीचे असते. ते तुमचे नसेल तर स्वीकारू नये, नाकारावे. त्याचा खुलासा करणे कंपनीचे काम आहे.

अ‍ॅपचे अपडेट कामाचा दिवस संपल्यावरच घ्यावे, मध्येच नव्हे.

याच वेळी एफएमसीएसएच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत उपकरणांची आणि नोंदणी रद्द झालेल्या उपकरणांची यादी पाहावी. अमेरिकेत ईएलडी नियमांप्रमाणे आहे, असे प्रमाणपत्र बनवणारा स्वतःच देतो. बाहेरच्या संस्थेने तपासूनच उपकरण बाजारात येते, असे तिथे नाही. त्यामुळे यादीत नाव होते म्हणून उपकरण चांगलेच असेल, असे समजू नये आणि आज असलेले नाव उद्या निघू शकते, हेही लक्षात ठेवावे. नाव निघाल्यावर ते बदलण्यासाठी सहसा ६० दिवस मिळतात. तोवर पिनांवर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते. कॅनडात मात्र त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि १ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रत्यक्ष कारवाई सुरू आहे. सीमा ओलांडणाऱ्यांनी आपले उपकरण त्या यादीतही आहे का, ते पाहावे.

उपकरण फार जुने असेल, तर ते कोणत्या मोबाइल नेटवर्कवर चालते, तेही विचारावे. २०२२ मध्ये अमेरिकेतील थ्रीजी सेवा बंद झाल्या आणि केवळ त्यांवर अवलंबून असलेली उपकरणे आतून धडधाकट असूनही मुकी झाली.

तिसरी तपासणी: नीट क्रमाने पुन्हा सुरू करणे

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला वाईट नाही, पण तो अर्धवट दिला जातो. इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, डबी प्लगमधून सोडवावी आणि पूर्ण एक मिनिट थांबावे. मग प्लग सरळ दाबून त्याचे कडे खटका बसेपर्यंत फिरवावे. किल्ली फिरवावी, इंजिन सुरू करावे आणि ट्रक जागचा न हलवता आणखी एक मिनिट थांबावे. इंजिनाला वीज मिळाल्यापासून १ मिनिटाच्या आत ईएलडी तयार झालीच पाहिजे, असा नियम आहे. तेवढ्यात दिवा स्थिर होत नसेल, तर दोष टॅबलेटच्या अलीकडे, म्हणजे डबी, प्लग किंवा वीज यांत आहे, हे निश्चित झाले.

डॉकला उभ्या ट्रकची स्थिती ‘ड्रायव्हिंग’ का राहते, तेही येथेच सांगतो, कारण यावरून ड्रायव्हरांवर खोटेपणाचा आरोप होताना मी ऐकला आहे. ताशी ५ मैलांचा वेग ओलांडताच किंवा त्याआधीच उपकरण ट्रक ‘चालतो आहे’ असे धरते. ट्रक थांबल्यावर सलग ५ मिनिटे वेग शून्य राहिला तर ते ड्रायव्हरला विचारते आणि १ मिनिटात उत्तर आले नाही तर स्थिती स्वतःहून बदलते. नेमका थांबण्याच्या सुमारास संपर्क तुटला, तर वेग शून्य झाल्याची बातमी पडद्यापर्यंत पोचतच नाही आणि पडदा जुनीच स्थिती धरून बसतो. आपोआप नोंदलेला ड्रायव्हिंगचा वेळ ड्रायव्हरला कमी करता येत नाही, म्हणून त्या नोंदीला लगेच शेरा जोडावा आणि डॉकची पावती किंवा गेटपास सोबत ठेवावा. शेरा त्याच दिवशीचा असला, तर त्याला वजन असते.

चौथी तपासणी: नऊ पिनांचा प्लग

मी दुरुस्त केलेल्या अशा बिघाडांपैकी सर्वाधिक या जागी सापडले, म्हणून येथे घाई करू नये. अमेरिकी ट्रकमध्ये ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि हा गोल प्लग बहुतेक ट्रकमध्ये डॅशखाली, त्याच्या डाव्या गुडघ्यापाशी असतो. केबिनमध्ये चढता-उतरताना दर वेळी बुटाचे टोक किंवा गुडघा लोंबणाऱ्या केबलला लागतो. दिवसातून आठ-दहा वेळा बसणारा हा हलका धक्का महिन्याभरात पिनेची पकड सैल करतो.

टॉर्च घ्यावा, कडे फिरवून प्लग सोडवावा आणि दोन्ही तोंडे समोरून पाहावीत. नऊही पिना एकाच उंचीवर दिसल्या पाहिजेत. एखादी दोन मिलिमीटरदेखील आत गेलेली असेल, तर तीच दोषी आहे. ती प्लग बसवताना स्पर्श करते, ट्रक थरथरला की सुटते, आणि म्हणूनच बिघाड उभ्या ट्रकमध्ये दिसत नाही. वाकलेली पिन पक्कडीने सरळ करून भागत नाही, ती पुन्हा वाकते. केबल बदलावी.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. इंडियाना, ओहायो, मिशिगन या भागांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बर्फासोबत बुटांना लागून केबिनमध्ये येते आणि हीटरच्या उबेने बर्फ वितळून खारे पाणी चटईवर साचते. मागच्या फेब्रुवारीत आलेल्या एका ट्रकचा प्लग उघडला, तर सी आणि डी या दोन पिनांच्या मुळाशी पोपटी रंगाची भुकटी जमली होती, साखरेच्या दाण्याएवढी. तेवढ्या भुकटीमुळे त्या ड्रायव्हरची तीन आठवड्यांत दोन उपकरणे बदलून झाली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने साफ करून आणि पूर्ण वाळवून प्लग बसवला, तेव्हा पहिलेच उपकरण नीट चालू लागले. चाकूने किंवा सँडपेपरने पिना घासू नयेत. वरचा मुलामा निघाला की गंज अधिक वेगाने चढतो.

प्लगचा रंगही पाहावा. २०१६ च्या आसपासपासूनच्या ट्रकमध्ये हिरवा प्लग येतो आणि त्याच्या आधीच्या ट्रकमध्ये काळा. हिरव्यावरची माहिती सेकंदाला ५०० किलोबिट वेगाने धावते, काळ्यावरची २५० ने. हिरवी केबल दोन्हीकडे बसते, पण काळी केबल हिरव्या तोंडात बसू नये म्हणून तेथे मुद्दाम खाच बदलली आहे. ती खाच कानशीने घासून काळी केबल कोंबलेली मी पाहिली आहे. चुकीच्या वेगाचे उपकरण जोडले गेले तर ते स्वतः तर चालत नाहीच, शिवाय इंजिन आणि ब्रेकच्या संगणकांचे आपसातले बोलणेही बिघडवू शकते. अशी केबल दिसली तर ती त्याच क्षणी काढून टाकावी.

शेवटी हलवून पाहण्याची चाचणी करावी. ट्रक उभा, पार्किंग ब्रेक ओढलेला आणि इंजिन सुरू. एकाने पडद्यावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने प्लगपासून सुरुवात करून केबल वीतभर-वीतभर हळूहळू हलवावी. ज्या वितीला दिवा लुकलुकतो किंवा संदेश येतो, तेथेच तार तुटलेली असते. या चाचणीला एक पैसाही लागत नाही आणि तिच्याइतकी खात्रीची दुसरी चाचणी मला ठाऊक नाही. काम झाल्यावर केबल गुडघ्याच्या वाटेतून बाजूला घ्यावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशच्या पट्टीला बांधावी, पण प्लगवर ताण येणार नाही एवढी ढील ठेवावी. हे बांधणे राहून जाते आणि त्यामुळेच तोच बिघाड पंधरा दिवसांनी परत येतो.

पाचवी तपासणी: वीज

यासाठी मल्टिमीटर लागतो, साधा चालतो. प्लगमध्ये ए ही अर्थिंगची आणि बी ही बॅटरीची पिन असते. इंजिन बंद असताना त्यांच्यामध्ये १२.६ च्या आसपास आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. महाराष्ट्रातील मेकॅनिकांना येथे चुकल्यासारखे वाटेल, कारण आपल्याकडे मोठ्या ट्रकना २४ व्होल्ट असतात, पण अमेरिकेतील ट्रक १२ व्होल्टवर चालतात.

नुसता आकडा पाहून थांबू नये. हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा पाहावे, मग कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगून पाहावे. स्टार्टर फिरताना व्होल्ट फार खाली गेले, तर डबी बंद पडून पुन्हा सुरू होते आणि सकाळच्या पहिल्या काही मिनिटांची नोंद हरवते. असे असेल तर दोष ईएलडीचा नसून बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा आहे. फ्यूज काढून त्याच्या खाचेतला गंज पाहावा. फ्यूज उडालेला असेल, तर तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा घालावा. मोठा फ्यूज घातल्याने तो उडायचा थांबतो, पण तार तापू लागते आणि ती आगीची वाट आहे.

सहावी तपासणी: वाटेकरी

एकाच प्लगवर वाय आकाराची केबल लावून डॅशकॅमेरा, टायरचा दाब मोजणारे यंत्र आणि विमा कंपनीचा ट्रॅकर जोडलेले असतात. हे सर्व काढून ईएलडी एकटीच थेट प्लगला लावावी आणि दोन दिवस चालवून पाहावे. बिघाड थांबला, तर एकेक यंत्र परत जोडत जावे, म्हणजे दोषी सापडतो. बहुधा तो यंत्रात नसून स्वस्तातल्या वाय केबलमध्ये निघतो.

सातवी तपासणी आणि थांबण्याची जागा

किल्ली बंद ठेवून आणि बॅटरी सोडवून सी आणि डी या पिनांमधला रेझिस्टन्स मोजावा. या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मीटरवर साधारण ६० दिसले पाहिजे. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तेथपर्यंतची तार तुटलेली आहे. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडला आहे. शून्याच्या जवळ दिसले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. हे मोजणे ड्रायव्हरनेही करायला हरकत नाही, कारण त्याला स्वतःच्या ट्रकची अवस्था कळते. आकडा ६० च्या जवळपास नसेल, तर मात्र मीटर खाली ठेवावा आणि मेकॅनिकला बोलवावे. याच दोन तारांवरून इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएसचे संगणक एकमेकांशी बोलतात. त्या सोलून, पिळून आणि टेप लावून जोडणे हे रस्त्याच्या कडेला करायचे काम नव्हे.

आणखी काही प्रसंगी आधीच्या तपासण्या पूर्ण होण्याची वाटही पाहू नये. संपर्क तुटण्याबरोबरच इंजिनाचा किंवा एबीएसचा दिवा लागत असेल, वेगाचा काटा मध्येच शून्यावर पडत असेल, प्लगपाशी जळका वास येत असेल किंवा बदललेला फ्यूज लगेच पुन्हा उडत असेल, तर ट्रक पुढे नेऊ नये. हा ईएलडीचा प्रश्न राहिलेला नसतो. ट्रक वॉरंटीत असेल, तर हार्नेसला, म्हणजे तारांच्या जुडग्याला, स्वतः हात लावू नये, कारण नंतर तेच कारण पुढे करून वॉरंटी नाकारली जाते.

सातही तपासण्या ठीक निघाल्या आणि तरीही बिघाड येत राहिला, तर तीच डबी दुसऱ्या ट्रकला आणि दुसऱ्या ट्रकची डबी या ट्रकला लावून पाहावी. दोष डबीबरोबर गेला, तर ती विकणाऱ्याकडे बदलून मागावी आणि मागताना तारीख, कोड आणि ओडोमीटर असलेला तुमचा कागद समोर ठेवावा. कंपनीच्या अनेक ट्रकवर एकाच दिवशी हाच बिघाड आला असेल, तर तो विकणाऱ्याच्या सर्व्हरचा किंवा ताज्या अपडेटचा असतो. तेथे प्लग उघडत बसू नये. प्रत्येक ड्रायव्हरने लेखी कळवावे आणि कागदावर यावे.

दुरुस्तीनंतर मी प्लगच्या कड्यावर आणि त्याच्या तोंडावर मिळून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढतो आणि शेजारी तारीख लिहितो. ड्रायव्हरने सकाळी ट्रकची फेरी मारताना ती रेघ पाहावी. रेघ तुटलेली दिसली, तर कडे सैल झाले आहे, ते खटका बसेपर्यंत फिरवून मगच इंजिन सुरू करावे.